स्लॅबवरची विलायती अंबाडी

कौसल्या कशी बाई होय, असं आमच्या गावात कोणालेही विचारा. सारे चांगलंच सांगतीन. मले विचारसान त मी आधी दोन शिव्या देईन, मंग उलसक, दोन टिपं रडीन, अन् मंग म्हणीन का हाव बाप्पा, चांगलीच होय. माह्या पोराले पोलिसाच्या गाडीत तिनंच बसवलं. अन् आजच्या तारखेले तिच्या ओट्यावर जाऊन बसल्याशिवाय मले करमत नाही. आता याले काय म्हणाव थे तुम्हीच सांगा, माह्या डोक्याच्या बाहेरचं काम हाय.

माहं नाव शकुबाई. आमचं गाव नेरपासून आत, एसटी येते तवा येते. कौसल्याचं घर अन् माहं घर लागून, मधात एकच भिंत. तिच्याकडे फोडणी पडली का ठसका मले लागते.

तिचा नवरा उकंडा. आधीची लेकरं हाती लागली नाही म्हणून त्याच्या मायनं त्याले जलमल्याबरोबर उकंड्यावर, कचऱ्याच्या ढिगावर, ठेवलं अन् थेच नाव देलं, का यमानं किळस करून सोडून द्याव. यमानं सोडलं, दारूनं नाही सोडलं. वावरातला कापूस घरी याच्या आधी त्याच्या घशात जाय. शेवटी पोट फुगून, डोळे पिवळे होऊन गेला, तवा त्यायचा पोरगा राजदीप सातवीत होता. कौसल्या रडली नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात सारे जमले, पंचशील म्हणून झालं, अन् ही उभी राहिली. म्हणाली, नशा कराची नाही हे पाचवं शील हात जोडून म्हणता अन् इथून उठून सरळ दारूच्या दुकानात जाता, मंग म्हणता कायले? सारे बापे आपापल्या पायाचे अंगठे पाहू लागले.

तिथून जी ती उठली थे बसलीच नाही. बायायच्या सह्या जमवल्या, तहसीलच्या चकरा मारल्या, अन् गावात मतदान आणलं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आमच्या गावात दोन बायायचं नळावर जमत नाही, पण त्या दिवशी साऱ्या आडव्या बाटलीवर शिक्का मारून आल्या. मी बी मारला. माह्या मालकाले, विठ्ठलरावले, घरी येऊन सांगतलं का उभीवर मारला. बिचारा खूश झाला.

दुकान गेलं. पण दुकान गेलं म्हणून दारू जाते काय? पिशव्यायतून येऊ लागली, घराघरात लपू लागली. मंग कौसल्यानं थाळीचा कायदा काढला. ज्याच्या घरी दारू असन त्याच्या दारात साऱ्या बायायनं जाऊन उभं राहाचं, अन् माल बाहेर येईपर्यंत थाळ्या बडवाच्या. माल चावडीसमोर फोडाचा अन् माणूस पोलिसाच्या हवाली कराचा. घर कोणाचं होय थे पाहाचं नाही, हे तिचं शेवटचं वाक्य राहे. भाऊ पाहाचा नाही, दीर पाहाचा नाही. आम्ही माना हलवो. मान हलवाले काय लागते, घर दुसऱ्याचं असते तवर.

एका दिवशी थे घर माहं निघालं.

माहा बबलू बाटल्या आणे अन् इके. मले माहीत होतं. त्याले सांगून सांगून माही जीभ झिजली, पण पोट्टं कोणत्या मायचं ऐकते? त्या दिवशी मी भाकरी टाकून राह्यली होती अन् थाळ्यायचा आवाज आला. मले वाटलं पल्याडच्या गल्लीत हाय, म्हणून मी बी पदर खोसून, थाळी घेऊन बाहेर निघाली. पाहातो त साऱ्या माह्याच दारात. अन् समोर कौसल्या.

मी तिचे पाय धरले. खोटं नाही सांगत, भर रस्त्यात, साऱ्यायसमोर. म्हटलं, "एक डाव सोड वं माय. मी सोता फोडतो साऱ्या बाटल्या. पोलिसाले नोको बलावू."

ती खाली वाकली, माहे हात सोडवले अन् म्हणाली, "शकू, आज तुह्या दारातून वापस गेली त उद्या दुसरीच्या दारात कोणत्या तोंडानं उभी राहू?"

बबलू गेला. तो आत असतानाच त्याचा बाप गेला. आगीले पोरगा नव्हता, पुतण्यानं आग देली. हे मी कधीच विसरणार नाही, मेल्यावर बी नाही. बबलू सुटला तो गावात राहालाच नाही. म्हणे तोंड दाखवाची सोय नाही. यवतमाळले ऑटो चालवू लागला, तिथंच रूम केली. फोन केला त उचले, नाही त नाही उचले.

कौसल्याशी मी बोलणं तोडलं. तिची कोंबडी माह्या अंगणात आली का दगड मारो. ती पाणी भराले आली का मी रिकामी बादली घेऊन वापस येवो. मंग एका साली ऐन वेचणीच्या वक्ती मले ताप भरला. अंगात उठाची ताकद नाही, अन् वावर फुटून पांढरं झालेलं. ताप उतरला अन् मी दार उघडलं, त ओट्यावर माह्या कापसाचे गठ्ठे बांधून ठेवलेले. तिनं अन् तिच्या जावेनं सारं वावर वेचून आणलं होतं. मले त अजूनच राग आला, का ही बाई मले धड रागात बी राहू देत नाही. पण दुसऱ्या दिवशी मी चून-भाकर घेऊन तिच्याकडे गेली. बोलणं सुरू झालं. माफ केलं नाही, बोलणं सुरू झालं. हे दोन वेगळे हायत.

मंग राजदीप वापस आला. पुण्याले कंपनीत होता, त्या कंपनीनं माणसं कमी केली. दाढी वाढवून, दोन बॅगा घेऊन आला. पोरगा गोड, मले शकुमावशी म्हणे, सिलेंडर आणून दे. यवतमाळले कामाच्या शोधात जाय तवा माह्या बबलूच्या रूमवर राहे. त्याच्या हातानं मी बबलूले लोणचं पाठवो, तो बबलूची खबर आणे. तब्येत भरली, दाढीचं वळण बदललं, असं काही-काही. त्या खबरीसाठी मी राजदीपची वाट पाहो. कौसल्याच्या पोरामुळं माहा पोरगा मले उलसक वापस भेटला, असं मले वाटे.

राजदीपनं स्लॅबवर रंगाच्या रिकाम्या बादल्यायत चार झाडं लावले. कौसल्यानं विचारलं, हे काय होय? तो म्हणाला, विलायती अंबाडी होय, औषधाले लागते, कंपनीवाले नेतात. आता अंबाडी आम्हाले कोण शिकवन? वावराच्या काठानं दर साली राहे. पंज्यासारखं पान, बोटं फाकवल्यासारखं. याचं बी तसंच. कौसल्यानं एक पान चावून पाह्यलं. मले म्हणाली आंबट नाही लागत. मंग सोताच म्हणाली, विलायती हाय, आंबट कुठून राहीन. मोठी झाली तशी त्यायले उग्र वास येऊ लागला. आम्ही दोघी त्या वासात बसून तुरीच्या शेंगा सोलो. आमच्या नाकाले साऱ्या जिंदगीत एकच वास ओळखता ये, दारूचा.

राजदीप चार-चार दिवस यवतमाळले राहे अन् पाणी कौसल्या टाके. तिच्या हाताले गुण हाय, वाळलेली काडी बी फुटते. त्या झाडायले तिनं जीव लावला. पोरगा घरी बसलेला, लोकं विचारत, काय करते? ही सांगे, औषधी झाडं लावते, कंपनीसंग बोलणं चालू हाय. सांगताना तिचा चेहरा असा होय का मले माहा बबलू आठवे अन् पोटात जळे. खरं सांगतो, जळे.

पूस महिन्यात थंडी पडली. एका सकाळी कौसल्या भिंतीवरून मले बोलवाले लागली. स्लॅबवर गेली त झाडायचे शेंडे जांभळे पडलेले. काठानं पानं वांग्यासारखी, अन् फुलाचे तुरे त पार काळपट. कौसल्याचं तोंड उतरलेलं. म्हणाली, लाल्या पडला. आता कापूसवाल्या घरात लाल्या कोणाले सांगा लागत नाही. रात्री गार पडल्या, जमिनीतलं खत सरलं, का कपाशीचं पान लाल होते, मंग वाळते, मंग बोंड गळते. वर्षाचं हातचं जाते. तिले वाटलं, पोरानं विश्वासानं देलेलं झाड माह्या हातून मरून राह्यलं.

तिनं राजदीपले फोन केला. तो म्हणे, होऊ दे जांभळं, काही करू नको. ही मले म्हणाली, पुण्यात राहून आलेल्याले काय समजते, मुळाले थंडी लागून राह्यली. कपाशीसाठी आणलेलं म्याग्नेशियम पडलं होतं, थे पाण्यात कालवून देलं. अन् दिवस बुडाला का उकंड्याची जुनी गोधडी बादल्यायवर पांघरू लागली. गोधडी दोनच झाडायले पुरे. माणसाच्या लेकराले झाकाव तसं कडा खोचून-खोचून झाकत जाय. मी हासली तिले. म्हटलं अंगाई बी म्हण.

राजदीप आला अन् वर गेला. उघडी झाडं जांभळी, झाकलेली दोन हिरवीगार. अन् बाप्पा, पोरगं असं चवताळलं! मले भिंतीच्या इकडे ऐकू ये. तुले कोणी सांगतलं होतं, रंगच त पायजे होता, सारी मेहनत मातीत घातली. मायवर कधी आवाज न चढवणारा पोरगा. ती खाली आली. मले म्हणाली, झाडाले ऊब देली म्हणून कोणी एवढं रागावते काय वं? माहंच काही चुकलं असन. कृषीच्या म्याडमले विचारू.

आता आमच्यात तशी रीतच हाय. रोग पडला का पान तोडाचं, पदरात बांधाचं, अन् जाणत्या माणसाले नेऊन दाखवाचं. दर बुधवारी शाळेच्या लिंबाखाली कृषी खात्याची बायायची शेतीशाळा भरे. सुरभी म्याडम ये. पोरगीच, नवी लागलेली, पण समजावून सांगे. कोणी तुरीची शेंग आणली, कोणी कपाशीचं पान. शाळा सुटली, बाया पांगल्या, तवा कौसल्यानं पदर सोडला अन् जांभळा तुरा पानासकट म्याडमच्या हातात ठेवला. म्हणाली, आमची विलायती अंबाडी होय, लाल्या पडला.

म्याडमनं पाह्यलं. नाकाजवळ नेलं. मंग इकडे-तिकडे पाह्यलं. संग मीच होती, बाकी कोणी नव्हतं. तिनं आधी रंगाचंच सांगतलं. रोग नाही म्हणे. थंडी पडली का काही झाडांच्या पानातला हिरवा रंग मागे हटतो अन् जांभळा पुढे येतो. स्फुरद कमी पडलं तरी पान जांभळं होतं, कपाशीचंही होतं, पण या झाडाला काही कमी नाही. याच्या जातीतच जांभळा आहे, थंडीनं तो फक्त दाखवला.

कौसल्यानं एवढा मोठा श्वास सोडला. "म्हणजे माह्या हातून काही चुकलं नाही?"

"नाही मावशी. झाड तुम्ही एकदम चांगलं वाढवलं," म्याडम म्हणाली, अन् तिचेच डोळे भरून आले. "पण ही अंबाडी नाही. हा गांजा आहे."

म्याडमनं पुढचं बी सांगतलं. घरी एक झाड लावलं तरी गुन्हा होते. दहा-दहा वर्षं आत जाऊ शकते माणूस. ती घाबरली होती. थे पान तिनं आमच्यासमोर चुरून नालीत टाकलं अन् म्हणाली, मी आज काही पाहिलं नाही, तुम्ही काय करायचं ते लवकर करा. गाडीले किक मारून गेली. कौसल्या तिथंच लिंबाखाली खाली बसली. पदराचं गाठोडं सोडून-सोडून झटकत होती, जसं काही त्यात अजून काही हाय.

अन् मी? मले काय झालं थे सांगतो. माह्या काळजात ऊब आली. सात-आठ साल मी ज्या दिवसाची वाट पाह्यली थो दिवस माह्या पायाजवळ येऊन बसला होता. ज्याचं जळते त्याले कळते म्हणतात ना, आता हिले बी कळू दे.

संध्याकाळी आम्ही घरी आलो. राजदीप बाजेवर पडून मोबाईल पाहून राह्यला होता. कौसल्यानं विचारलं, हे गांजा होय का? तो आधी नाही म्हणाला, मंग उठून बसला. म्हणाला, दारूसारखं नाही हे, झाडच होय शेवटी, सारं जग वढते. कोण घेते म्हणून तिनं विचारलं. यवतमाळचे कॉलेजचे पोट्टे म्हणे. जांभळा दिसला का थे पागल होतात, मोबाईलवर फोटो टाकतात, साध्या हिरव्याले कोणी विचारत नाही. म्हणून त्यानं जांभळ्या जातीचंच बियाणं मागवलं होतं, थंडीतच तुरे येतीन असं बेतून लावलं होतं. हे तो मायले असं समजावून सांगे जसं आपण सरकीचं बियाणं सांगतो. कौसल्या ऐकत होती. मधात एकदाच म्हणाली, का मी त्या पोरायसाठी पाणी टाकत होती.

मले राहावलं नाही. मी उठली, मांडणीवरची तिची थाळी काढली अन् तिच्या हातात देली.

"घे. वाजव," मी म्हटलं. "घर कोणाचं होय थे पाहाचं नाही ना? आण बाया गोळा करून. मी बी येतो, आवाज द्याले."

ती थाळी घेऊन उभी राहिली. मी तिले ओळखतो. ती दाराकडे निघाली होती. खरंच निघाली होती, तिचा एक पाय उंबऱ्यावर होता. मले वाटलं नव्हतं का ती निघन. मले वाटलं होतं ती माहे पाय धरन.

तवा राजदीप बोलला. त्याचा आवाज एकदम लहान लेकराचा झाला होता. "शकुमावशी, थाळी वाजली त मी एकटा नाही जाणार. माल बबलूच्या ऑटोत जाते."

मले आधी समजलंच नाही. मंग लोणच्याची बरणी आठवली, रूम आठवली, तब्येत भरली असं त्यानं सांगतलेलं आठवलं. माहा बबलू. एकदा आत जाऊन आलेला. आता दुसऱ्यांदा गेला त दहा साल. मी किती जगीन? माह्या आगीले बी पुतण्याच येईन.

मी धावली अन् कौसल्याचा हात धरला. पायच धराले गेली मी परत, खोटं कायले सांगू.

तिनं मले धरूनच ठेवलं, खाली वाकू देलं नाही. उंबऱ्यावरचा पाय मागे घेतला. थाळी माह्या दोन्ही हातात देली अन् म्हणाली, "त्या दिवशी मी तुहं ऐकलं नाही शकू. आज तू सांग. तू म्हणशीन त वाजवतो, तू म्हणशीन त नाही."

असं कोणी कोणाले विचारते काय? एवढा मोठा धोंडा तिनं माह्या पदरात टाकला. मी थाळीकडे पाह्यलं, राजदीपकडे पाह्यलं. तो भिंतीले टेकून रडत होता, नाक पुसत होता. सातवीतला दिसे. मी थाळी मांडणीवर पालथी ठेवली.

सकाळी न्हाणीच्या चुलीत आम्ही दोघीनं चारही झाडं जाळली. हिरवी बी अन् जांभळी बी. ओली होती, पेटे ना, धुरानं दोघीयचे डोळे लाल झाले. रस्त्यानं जाणाऱ्या जावेनं विचारलं, का आज एवढं पाणी कोणासाठी तापवून राह्यली? मीच म्हटलं, पाहुणे येऊन राह्यले. गोधडी बी तिनं त्यातच घातली, मी नोको-नोको म्हणत होती तरी.

राजदीप दुसऱ्या दिवशी गेला. बबलूच्याच रूमवर हाय. दोघं फोनवर म्हणतात सारं सोडलं, राजदीपले एका दुकानात काम भेटलं. मागच्या महिन्यात दवाखान्यासाठी यवतमाळले गेलती, तवा मी रूमवर जाऊन आली. बबलूनं चहा केला, बिस्किटं आणली, माय-माय करत राह्यला. मागं एक बंद खोली होती, दाराले कुलूप, फटीत कपडा खोसलेला. अन् वास होता. आता माह्या नाकाले दोन वास ओळखता येतात. मी विचारलं नाही. बिस्किटं खाल्ली अन् एसटीनं वापस आली. कौसल्यानं विचारलं, कशी हायत पोरं? मी म्हटलं, रूम एकदम स्वच्छ ठेवतात. ती माह्याकडे पाहत राह्यली अन् मंग तांदूळ निवडू लागली. तिनं बी दुसरं काही विचारलं नाही.

कौसल्या विहारात जाते अजून. पंचशील चालू झालं का पाचव्या शीलाच्या वक्ती तिचे ओठ हालत नाही. मी विहारातली नाही, पण विहार समोरच हाय, ओट्यावरून दिसते. कोणाच्या ध्यानात आलं नसन, माह्या आलं.

अन् गावात दारू वापस आली. आधी एका घरी, मंग दोन, आता त चावडीच्या मागं खुल्लमखुल्ला. बाया आल्या होत्या तिच्याकडे. चाल म्हणाल्या, थाळी काढ. ती म्हणाली, गुडघे दुखतात. पुढच्या खेपेले म्हणाली, तुरीचं काम हाय. आता कोणी येत नाही. तिच्याविना दुसरी कोणी पुढं होत नाही, अन् मी त होणारच नाही, मी कोणत्या तोंडानं होऊ? दोन पोरं वाचवली आम्ही. वाचवली का नाही थे बी माहीत नाही. पण त्यायच्यापायी साऱ्या गावाच्या पोरायले वाऱ्यावर सोडलं, हे मले माहीत हाय, तिले माहीत हाय. मले झोप येते तरी. तिले येत नाही. भिंतीच्या पल्याड तिची बाज करकरत राहते.

परवाची गोष्ट. तिसऱ्या पहारची वेळ, कौसल्या आत होती अन् मी तिच्या ओट्यावर बसून लसूण सोलून राह्यली होती. टाकीजवळच्या घरची प्रियंका आली. गेल्या साली लग्न होऊन आलेली पोरगी, कडेवर तान्हं लेकरू. ओठ फुटलेला, एक डोळा सुजून बंद. तिच्या नवऱ्यानं पिऊन मारलं होतं, विचाराची गरज नव्हती. कोणीतरी तिले सांगतलं असन, का या गावात एक बाई होती, जी थाळी घेऊन दारात उभी राहे.

"कौसल्यामावशी हाय काय?" तिनं विचारलं.

मी वळून आत पाह्यलं. कौसल्या दाराच्या आड उभी होती. तिनं सारं ऐकलं होतं. तिनं माह्याकडे पाह्यलं अन् नुसता हात हलवला, नाही म्हणून.

"घरी नाही वं माय," मी म्हटलं. "गावाले गेली."

कौसल्याच्या चपला पायरीवरच होत्या. प्रियंकानं त्या पाह्यल्या. मंग लेकराले दुसऱ्या कडेवर घेतलं अन् आली त्या रस्त्यानं वापस घरी गेली.